कॅथलिक युवा सेवाकार्य

किशोरवयीन मुले आणि तरुण यांच्या श्रद्धाजीवनासाठी कॅथलिक धर्मसभा धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा स्थानिक श्रद्धावंत समुदाय), शाळा-महाविद्यालये आणि निरनिराळ्या चळवळी यांच्यामार्फत जे काम करते, त्याला युवा सेवाकार्य म्हणतात. साप्ताहिक गटसभा, दृढीकरण संस्काराची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराची) तयारी, रिट्रीट (प्रार्थना-चिंतनासाठी काढलेले दिवस), शिबिरे, गायनवृंद, गरिबांच्या भेटी, तीर्थयात्रा हे त्याचे नेहमीचे प्रकार. जबाबदारी धर्मगुरूंची असते, पण रोजचा गाडा बहुतेक ठिकाणी विशीतली मुलेमुलीच ओढतात. कोणी गटनेता असतो, कोणी ॲनिमेटर (गटाला चालना देणारा), कोणी धर्मशिक्षण देते, कोणी गिटार वाजवते, तर कोणी नुसत्या खुर्च्या लावतो. दुसऱ्यांच्या श्रद्धेची काळजी वाहताना या तरुणांची स्वतःची श्रद्धा कशी वाढते, आणि कधी कधी का खुंटते, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

‘श्रद्धा दिल्याने बळावते’ हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1990च्या ‘रेदेम्प्तोरिस मिस्सिओ’ या परिपत्रकात मांडलेले सूत्र युवा सेवाकार्यात वारंवार उद्धृत केले जाते. त्यामागची कल्पना जुनी आहे. योहानच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री येशूशी विहिरीवरचे एक संभाषण होताच घागर तिथेच टाकून गावात सांगायला धावते. तिचे धर्मशिक्षण पूर्ण झालेले नसते. पोप फ्रान्सिस यांनी 2013मध्ये तिचाच दाखला देऊन म्हटले की, ख्रिस्ताचे प्रेम ज्याला भेटले त्याला ते सांगण्यासाठी दीर्घ प्रशिक्षणाची वाट पाहण्याचे कारण नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965च्या प्रापंचिकांच्या (धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावरील, म्हणजे श्रद्धा इतरांपर्यंत नेण्याच्या कामावरील, दस्तऐवजात तरुणांचे पहिले आणि थेट प्रेषित तरुणच व्हावेत, असे स्पष्ट केले होते. ‘आधी पक्के व्हा, मग सेवेला या’ हा क्रम येथे जाणीवपूर्वक मोडलेला आहे. त्याचे फायदे मोठे आहेत आणि धोकेही.

हा क्रम मोडणारी माणसे परिषदेच्या बरीच आधी होऊन गेली. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या फ्रेदेरिक ओझानाम याला एका वादसभेत ‘तुमची धर्मसभा आज गरिबांसाठी काय करते?’ अशा आशयाचे आव्हान मिळाले. 1833मध्ये, विसाव्या वर्षी, त्याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाण्याचा जो परिपाठ सुरू केला त्यातून सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली. तिचा पहिला हेतू सदस्यांची स्वतःची श्रद्धा सांभाळणे हाही होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. पुढे तुरिनमधला पिएर जोर्जो फ्रास्साती (1901–1925) हा तरुण याच संस्थेतून गरिबांच्या झोपड्यांपर्यंत पोहोचला.

तुरिनमध्येच डॉन बॉस्को (1815–1888) या धर्मगुरूंनी मुलांच्या हाती मुले सोपवली. त्यांच्या वसतिगृहातील डॉमिनिक साविओ या विद्यार्थ्याने 1856मध्ये सोबत्यांचा एक छोटा संघ काढला. नवीन आलेल्या किंवा त्रास देणाऱ्या मुलांशी मैत्री करून त्यांना सांभाळणे हे संघाचे काम. डॉमिनिक पुढच्याच वर्षी, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी वारला. पण 1859मध्ये डॉन बॉस्को यांच्या सलेशियन या धर्मसंघाची स्थापना झाली तेव्हा त्या खोलीत बसलेल्यांपैकी अनेक जण या बालसंघातून आलेले होते. वर्गमित्राची जबाबदारी घेता घेता त्यांना आपले पाचारण (देवाची हाक) उमगले होते.

बेल्जियममध्ये जोसेफ कार्डाइन यांनी 1925मध्ये उभारलेल्या तरुण ख्रिस्ती कामगार चळवळीने याला पद्धत दिली: पाहा, पारखा, कृती करा. कारखान्यात या आठवड्यात काय घडले ते आधी सांगायचे, मग ते शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहायचे, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतः करायची एक ठोस गोष्ट ठरवायची. कामगारांमध्ये प्रेषित म्हणून कामगारच जावेत, हा त्यांचा आग्रह. 1961मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी ही त्रिसूत्री आपल्या परिपत्रकात घेतली, आणि आज जगभरच्या गटसभांमध्ये ती कार्डाइन यांचे नावही न ऐकलेली मुले वापरतात.

जागतिक युवा दिन (घोषणा 1985) हा या कार्याचा सर्वात दिसणारा भाग. मनिला 1995, लिस्बन 2023 अशा मेळाव्यांत लाखो तरुण जमतात. त्यामागे हजारो तरुण स्वयंसेवक असतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला पोपच्या मिस्साऐवजी (मुख्य उपासनाविधीऐवजी) एखादे फाटक किंवा पाणीवाटपाचे टेबल येते. 2018च्या सिनडने (बिशपांच्या सभेने) 16 ते 29 हा वयोगट समोर ठेवून विचार केला. त्यानंतरच्या ‘क्रिस्तुस विवित’ (2019) या आवाहनपत्रात पोप फ्रान्सिस यांनी तरुण हे युवा सेवाकार्याचे लाभार्थी नसून कर्ते आहेत, त्यांना साथ हवी पण नवे मार्ग शोधण्याची मोकळीकही हवी, असे बजावले.

ही वाढ प्रत्यक्षात कशी होते, हे मात्र दस्तऐवजांपेक्षा एखाद्या साध्या गटसभेत अधिक चांगले दिसते. समजा, एका विशीतल्या मुलाला शनिवारी समेट संस्कारावर (पापांच्या कबुलीच्या संस्कारावर) बोलायचे आहे. विषय वाटून मिळालेला, मुद्दे तयार. लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात येते की, आपणच वर्षभर कबुलीजबाबाला गेलेलो नाही. शनिवारच्या आत त्याला काहीतरी ठरवावेच लागते. एरवी हा प्रश्न त्याने आणखी वर्षभर टाळला असता. किंवा गटातली पंधरा वर्षांची मुलगी विचारते, ‘आजीसाठी आम्ही रोज जपमाळ केली, तरी ती गेली. मग प्रार्थना करायची कशाला?’ ठरलेली उत्तरे तिच्या चेहऱ्याकडे पाहून घशातच अडकतात. थापा मारणारा गटनेता मुलांना लगेच कळतो. ‘मलाही याचं नीट उत्तर देता येत नाही, पुढच्या वेळी पुन्हा बोलू या’ असे म्हणणारा त्या आठवड्यात धर्मगुरूंना गाठतो, स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे बहुधा पहिल्यांदाच मन लावून वाचतो, गेथशेमाने बागेतल्या, अटकेआधीच्या येशूच्या प्रार्थनेशी येऊन थांबतो. मुलीला पुरेसे उत्तर मिळेलच असे नाही, पण त्याचा स्वतःचा प्रार्थनेशी व्यवहार मात्र बदलतो.

साक्ष देण्याचेही तसेच. रिट्रीटमध्ये तरुणाने आपल्या जीवनातला श्रद्धेचा अनुभव सांगायचा असतो, आणि पहिला मसुदा बहुतेकांचा सारखाच निघतो: वाईट दिवसांचे रसभरीत वर्णन आणि शेवटच्या दोन ओळींत देव. अनुभवी मार्गदर्शक तो वाचून एकच प्रश्न विचारतो, ‘या सगळ्यात ख्रिस्त तुला नेमका कुठे भेटला?’ मसुदा दोन-तीनदा पुन्हा लिहावा लागतो. या लिखाणात माणूस स्वतःचे आयुष्य प्रथमच नीट वाचतो, म्हणून माझ्या मते संपूर्ण रिट्रीटमध्ये सर्वाधिक लाभ भाषण ऐकणाऱ्यांचा नव्हे, ते लिहिणाऱ्याचा होतो.

याशिवाय पोरे पाहत असतात, हा एक धाक असतो. मिस्साला उशिरा येणारा, मागे उभा राहून मोबाइल चाळणारा नेता लपत नाही. शिवाय सहकाऱ्यांशी जमवून घ्यावे लागते. गायनवृंदात कोण कुठे उभे राहणार यावरून अबोला धरणाऱ्यांना क्षमेवरचे सत्र घ्यायचे असते. असे प्रसंग क्षुल्लक वाटतात, पण क्षमा हा विषय न राहता काम होतो तो तिथेच.

आता दुसरी बाजू. कामाचा पसारा वाढला की प्रार्थना आकसते. बैठका, पोस्टर, बसची व्यवस्था, ध्वनियंत्रणा. आराधनेच्या तासालाही नेता बाहेर जेवणाची पाकिटे मोजत असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली, येशूच्या पाहुणचारात राबणारी पण त्याचे ऐकायला न बसणारी मार्था युवा गटांत हमखास आढळते, आणि ती मनापासून राबत असते म्हणूनच तिला कोणी टोकत नाही. गंमत अशी की, त्याच अध्यायात येशू सेवेहून आनंदाने परतलेल्या बहात्तर शिष्यांना यशाबद्दल नव्हे, तर आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याबद्दल आनंद मानायला सांगतो. टाळ्या, पद, मंचावरची जागा यांवर पोसलेली श्रद्धा पद सुटताच ओसरते. रिट्रीटमधल्या भावनेच्या लाटेलाच श्रद्धा समजणाऱ्यांचेही तसेच होते. घरी परतल्यावर प्रार्थना कोरडी लागली की त्यांना वाटते, देवच गेला. आणि एखाद्या चुणचुणीत मुलीवर प्रत्येक जबाबदारी टाकून तिला दोन वर्षांत थकवून टाकणे, हा दोष तिचा नसून तिला ‘नाही’ म्हणायला न शिकवणाऱ्या मोठ्यांचा असतो.

म्हणून जाणते धर्मग्राम तरुण सेवकांसाठी काही गोष्टी ठरवून ठेवतात: आध्यात्मिक मार्गदर्शकाशी नियमित भेट, वर्षातून एकदा असे रिट्रीट जिथे त्यांनी काहीही आयोजित करायचे नाही, आणि जबाबदारीची ठरलेली मुदत. अल्पवयीनांच्या संरक्षणाचे नियमही आता प्रशिक्षणाचा भाग आहेत. धर्मसभेतील लैंगिक शोषणाची प्रकरणे उघड झाल्यानंतर 2014मध्ये अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी पोपचा स्वतंत्र आयोग स्थापन झाला, 2019मध्ये तक्रारींच्या कारवाईचे नियम आले. अठरा ओलांडलेला गटनेता कालपर्यंत त्याच मुलांत बसत असला, तरी नियमांच्या दृष्टीने तो प्रौढ असतो. मुलांना एकट्याने न भेटणे, खाजगी संदेश न पाठवणे अशा मर्यादा त्याला लागू होतात. काहींना हे संशय घेतल्यासारखे वाटते. पण आपल्या हाती दिलेले मूल आपले नव्हे, हे शिकणे श्रद्धेच्या वाढीपासून वेगळे काढता येत नाही.

7 सप्टेंबर 2025 रोजी फ्रास्साती आणि कार्लो अकुतिस (1991–2006) हा इटालियन किशोर यांना एकत्र संतपद मिळाले. कार्लो संगणकासाठी प्रसिद्ध झाला. तो आपल्या धर्मग्रामात लहान मुलांना धर्मशिक्षण देत असे, हे मात्र कमी सांगितले जाते.

गटातून बाहेर पडणे हाही या सेवेचा टप्पा आहे आणि तो सर्वात दुर्लक्षित. नोकरी लागते, शहर बदलते, लग्न होते. नव्या धर्मग्रामात कोणी ओळखत नाही, हातात माइक नसतो, रविवारी मागच्या बाकावर बसावे लागते. काही जण येथूनच गळतात. काही पुढे दाम्पत्य म्हणून विवाहपूर्व मार्गदर्शनात येतात, धर्मशिक्षक होतात, काहींना धर्मगुरू वा धर्मभगिनी होण्याचे पाचारण याच वर्षांत ऐकू आलेले असते. ज्यांच्याकडून गट हाती घेतला त्यांच्यासारखाच तो पुढच्या मुलांच्या हाती देऊन, त्यांनी तो वेगळ्या पद्धतीने चालवला तरी मध्ये न बोलणे, हे अनेकांना पहिल्या साक्षीपेक्षाही जड जाते.