वळणावर कोण टिकतो?

सरळ मैदानात ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतो. बॉर्डर कॉली त्याच्या जवळपासही पोचत नाही. तरी अ‍ॅजिलिटीच्या (माणसाच्या इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळे पार करायचा खेळ) मोठ्या कुत्र्यांच्या गटात वर्षानुवर्षं वरचष्मा आहे तो बॉर्डर कॉलीचाच. या खेळात सरळ रस्ता असतो तरी किती? १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरून काढायला घोड्यांच्या अडथळा-उड्यांवरून तो बेतला गेला. पंधरा-वीस अडथळे, मध्ये जेमतेम काही मीटर अंतर, की लगेच वळण.

या वळणाचं गणित करून बघू. सेकंदाला ४ मीटर वेगाने २ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं, तर १६ किलोच्या बॉर्डर कॉलीला जमिनीला सुमारे १३ किलोचा आडवा रेटा द्यावा लागतो. ६० किलोच्या ग्रेट डेनला द्यावा लागतो ४९ किलोचा. वजन जास्त तर रेटाही जास्त, यात नवल नाही. खरी अडचण हाडात आहे. अंगाची ठेवण तीच राहून उंची दुप्पट झाली तर वजन आठपट होतं, हाडाचा छेद मात्र चौपटच. म्हणून ग्रेट डेन वळणाआधी वेग कमी करतो. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे.

बॉर्डर कॉलीकडे हलक्या अंगासोबत पिढ्यान्‌पिढ्यांची सवयही आहे. मेंढ्यांना वळसा घालायचा, मध्येच दबकून थांबायचं, शीळ ऐकली की दिशा बदलायची: इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर त्याची निवड याच कामासाठी झाली. मैदानात हँडलरच्या, म्हणजे सोबत पळून दिशा दाखवणाऱ्या माणसाच्या, खांद्याची हालचालही तो तशीच टिपतो.

आपले कारवानी किंवा मुधोळ हाउंड, हे लांब पायांचे शिकारी कुत्रे, उलट्या टोकाचे. ६० सेंटिमीटरवरची उडीची दांडी त्यांना किरकोळ. गडबड होते ती ए-फ्रेमवर, म्हणजे दोन फळ्या एकमेकींना टेकवून केलेल्या चढ-उतारावर. उताराच्या शेवटच्या साधारण १०६ सेंटिमीटरच्या रंगीत पट्ट्यात निदान एक पाय पडायलाच हवा, आणि लांब ढांगेचा कुत्रा तो पट्टा सरळ ओलांडून जातो. दंड ५ गुण. यावर एक उपाय: फळी जमिनीवर आडवी ठेवून सुरुवात करा. पुढचे पाय जमिनीवर, मागचे फळीवर, अशा अवस्थेत थांबलं की खाऊ. हे पक्कं झालं की मगच फळीला चढ द्या. १२ उभ्या काठ्यांमधली नागमोडी धावही त्यांना जड जाते, कारण दोन काठ्यांमध्ये अंतर फक्त ६० सेंटिमीटर. लांब पाठ तिथे प्रत्येक काठीला वाकवावी लागते.

लहान गटात शेल्टी, पॅपिलॉन, जॅक रसेल उत्तम. त्यांची कसोटी झोकाफळीवर (सी-सॉवर) लागते: तीन किलोच्या कुत्र्याखाली फळी सावकाश झुकते, तेवढा वेळ टोकाशी थांबायला शिकवावं लागतं. घाईने मध्येच उडी मारली की दंड. डॅशहाउंडला मात्र उड्यांना लावू नये. त्याचे पाय ज्या जनुकीय बदलामुळे आखूड झाले, त्यानेच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात. पग आणि बुलडॉग दम लागून थांबतात. आखूड नाकातून अंगातली उष्णता धापा टाकूनही पुरेशी बाहेर पडत नाही. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्यांना पळवणं धोक्याचंच.

आणि गावठी कुत्रा? पंधरा-अठरा किलो वजन, बेताची पाठ, लांब नाक. शरीराच्या बाबतीत तो अनेक नामांकित जातींपेक्षा सरस आहे, आणि मिश्र जातींना प्रवेश देणाऱ्या स्पर्धाही आहेत. त्याला जड जातं ते हँडलरकडे सतत लक्ष ठेवणं. म्हणून पहिले काही आठवडे अडथळे बाजूला ठेवून नुसतं सोबत पळणं आणि हाकेला वळणं एवढंच घ्यावं.

जात कुठलीही असो, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष, दांडी कोपराच्या वर नेऊ नका. उडीनंतर सगळा भार आधी पुढच्या पायांवर येतो. बरगड्या हाताला सहज लागत नसतील तर आधी वजन उतरवा, दांडी नंतर चढवा.