आयनांची वाहतूक आणि प्रकाशाची कळ

इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घ्यायची. तळाशी क्लोरोफॉर्म ओतायचा. पाण्याहून जड असल्याने तो बाकात बसून राहतो. मग एका बाजूने क्षाराचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने साधे पाणी हलक्या हाताने सोडायचे. दोन पाण्यांच्या मध्ये क्लोरोफॉर्मची भिंत उभी राहते. या भिंतीला जाळी नाही, छिद्रे नाहीत, ती नुसतीच द्रव आहे. तिला द्रवपटल म्हणतात. दिवसभर वाट पाहिली तरी अलीकडचा क्षार पलीकडे पोचल्याचे जवळपास दिसत नाही.

पाण्यात क्षारातल्या पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, एकटा नसतो. त्याच्या धनभाराभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून कोंडाळे धरून असतात. ते सोडून क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात शिरायचे तर ऊर्जेचा मोठा भुर्दंड पडतो. कुणीतरी त्याला उचलून न्यायला हवे.

असा वाहक सापडला तो चार्ल्स पेडरसन यांना. कोरियातल्या बुसानमध्ये १९०४ साली जन्मलेले, आई जपानी, वडील नॉर्वेजियन, आणि पीएच.डी. नसलेले हे रसायनतज्ज्ञ अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीत काम करत होते. १९६२ साली एका प्रयोगात त्यांना हवा तो पदार्थ मिळाला, पण त्याबरोबर जेमतेम ०.४ टक्के, रेशमी तंतूंसारखे पांढरे स्फटिकही हाती आले. दुसरा कुणी असता तर त्याने ते धुऊन टाकले असते. पेडरसन यांनी ते तपासले. ती अणूंची कडी निघाली: आतल्या बाजूला ऑक्सिजन, बाहेरून तेलकट. आयनाला आत पाण्यासारखी सोबत मिळते आणि बाहेरून सगळे तेलात सहज मिसळते. हेच क्राउन ईथर. १९६७ साली शोध प्रसिद्ध झाला, १९८७ साली नोबेल मिळाले.

आयन एकदा उचलला की झाले, असे वाटते. पण वाहतुकीत दोन कामे असतात, अलीकडे धरणे आणि पलीकडे सोडणे, आणि ती एकमेकांच्या आड येतात. सैल धरणाऱ्या वाहकाकडे आयन येतच नाही. घट्ट धरणारा आयन घेऊन पलीकडच्या काठावर पोचतो, पण त्याची मूठ काही सुटत नाही. नुसती पकड वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर वाहतूक उलट मंदावते. मला तर या सगळ्या विषयाचा गाभा हाच वाटतो. काठ बदलला की पकडही बदलेल असा वाहक हवा.

ही युक्ती जपानमध्ये सेइजी शिंकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधली. त्यांनी बिजागरी म्हणून अॅझोबेंझीन घेतले. कापडाच्या कितीतरी नारिंगी-पिवळ्या रंगांच्या कुळातला हा रेणू. मधोमध दोन नायट्रोजन आणि त्यांच्या दोन बाजूंना बेंझीनची कडी. एरवी तो सरळ, लांब असतो. अतिनील प्रकाश पडला की मधला बंध वळतो आणि रेणू वाकतो. त्याच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येते. निळसर दृश्य प्रकाश टाकला की तो पुन्हा सरळ होतो. हे वाकलेले रूप हार्टली या रसायनतज्ज्ञांनी १९३७ सालीच दाखवले होते.

शिंकाईंच्या चमूने या बिजागरीच्या दोन्ही टोकांना एकेक क्राउन ईथर जोडले. १५ अणूंचे कडे, त्यात ५ ऑक्सिजन. एवढ्या कड्यात सोडियम नेमका मावतो, पोटॅशियम मोठा पडतो. पण अतिनील प्रकाशात रेणू वाकला की दोन कडी समोरासमोर येतात आणि पोटॅशियमला दोन तळहातांमध्ये धरल्यासारखे धरतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी या हालचालीला फुलपाखराची उपमा दिली. पंख मिटले की पोटॅशियम जास्त धरला जातो, उघडले की सोडियमला झुकते माप.

द्रवपटलात हा रेणू घातल्यावर अतिनील प्रकाशात पोटॅशियम वेगाने पलीकडे जाऊ लागला. आणि जिथे सोडण्याचे कामच रखडत होते, तिथे अतिनील आणि दृश्य प्रकाश आलटून पालटून टाकल्यावर वेग आणखी वाढला: एका प्रकाशात धरायचे, दुसऱ्यात सोडायचे. मूठ उघडण्याची कळ बाहेरून, द्रवाला हातही न लावता दाबता येते, हे मला फार मोठे वाटते.

अडचणी आहेतच. अतिनील किरण रंगीत द्रावणात फार खोल जात नाहीत. शिवाय वाकलेले अॅझोबेंझीन अंधारातही हळूहळू आपोआप सरळ होते. यावर एक चांगला उपाय पुढे निघाला. नायट्रोजनजवळच्या चारही जागी फ्लोरीन बसवले की रेणू हिरव्या प्रकाशाने वाकतो, निळ्याने सरळ होतो, आणि वाकलेला नेहमीच्या तापमानाला दीर्घकाळ टिकतो.

मूळ फुलपाखराच्या बाबतीत मात्र एक सुंदर गोष्ट दिसली होती. द्रावणात पोटॅशियम असला की अंधारात पंख उघडायला जास्त वेळ लागतो. पंखांनी आयनाला धरलेले असते, आणि मधला आयनही दोन्ही पंखांना सहजासहजी सोडत नाही.