कॅनडात राजकीय मतावरून मागितलेला आश्रय नाकारला गेल्यास : कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

ज्यांच्या घरच्या व्यक्तीने राजकीय मतामुळे छळ होईल या भीतीने कॅनडात आश्रय मागितला आणि तो नाकारला गेला, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. कोर्टात बाजू मांडण्याचे काम तिथले वकीलच करतात. आमचे मुंबईतील कार्यालय त्यांना लागणारी भारतातील कागदपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि भाषांतरे तयार करून देते.

पहिल्या नकारानंतर बहुतेक अर्जदारांना आश्रयाचे दावे ठरवणाऱ्या कॅनडाच्या इमिग्रेशन व निर्वासित मंडळाच्या निर्वासित अपील विभागाकडे जाता येते आणि हा हक्क असेल तर तो वापरल्याशिवाय फेडरल कोर्टाचे दार उघडत नाही. अपिलातही नकार आला, तर तो कळल्यापासून 15 दिवसांत न्यायिक पुनर्विलोकनासाठी कोर्टाची परवानगी मागावी लागते. विशेष कारण असल्यास न्यायाधीश मुदत वाढवू शकतात, परंतु त्यावर विसंबून राहू नये. परवानगीचा निर्णय साधारणतः कागदपत्रांवरूनच होतो आणि ती नाकारली गेल्यास त्याविरुद्ध अपील नाही.

पुनर्विलोकन म्हणजे दुसरे अपील, असे समजून अनेक जण आमच्याकडे येतात. आपल्याकडे उच्च न्यायालय रिट याचिकेत प्रशासकीय निर्णय तपासते, त्याच धर्तीचे हे काम आहे : अर्जदाराला आश्रय मिळावा की नाही हे कोर्ट स्वतः ठरवत नाही, तर समोर असलेला पुरावा आणि कायदा पाहता निर्णय वाजवी होता का, त्यामागची कारणे सुसंगत आहेत का आणि अर्जदाराला आपली बाजू नीट मांडू दिली का, एवढेच पाहते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2019 मधील वाविलोव्ह निकाल या तपासणीचा आजचा आधार आहे. अर्ज मंजूर झाला तरी प्रकरण सहसा त्या मंडळाच्या दुसऱ्या सदस्याकडे फेरनिर्णयासाठी जाते. नवा पुरावा अगदी मोजक्या अपवादांनीच दाखल होतो. त्यामुळे नकार हाती आल्यावर मुंबईत जमवलेला गठ्ठा, कितीही खरा असला तरी, बहुधा उपयोगी पडत नाही.

राजकीय मत म्हणजे पक्षाचे सदस्यत्व, एवढा संकुचित अर्थ तिथला कायदा घेत नाही. 1993 च्या वॉर्ड निकालानुसार शासनयंत्रणेचा संबंध येईल अशा कोणत्याही विषयावरील मत त्यात बसते आणि छळ करणाऱ्याने ते मत अर्जदाराचे आहे असे नुसते गृहीत धरले असले तरी चालते. सरकारी भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रार करणेही राजकीय मत ठरू शकते, असे क्लिंको प्रकरणात 2000 साली फेडरल अपील न्यायालयाने म्हटले.

भारतीय अर्जदारांची प्रकरणे मात्र पुष्कळदा वेगळ्याच मुद्द्यावर अडतात आणि तिथे आपल्या शहराचे नाव येते. पंजाबमधील धोका मान्य केला तरी अर्जदार मुंबई किंवा दिल्लीत सुरक्षित राहू शकतो, म्हणजे देशांतर्गत आश्रयाचा पर्याय आहे, असे सांगून दावा नाकारला जातो. (मुंबईत घर मिळणे किती सोपे आहे, हे इथे भाड्याने राहणाऱ्यांनी सांगावे.) 1991 च्या रसारत्नम निकालातून आलेली कसोटी दुहेरी आहे : त्या शहरात छळाचा गंभीर संभव नसावा आणि अर्जदाराच्या परिस्थितीत तिथे जाऊन राहणे अवाजवी नसावे. म्हणून छळ करणाऱ्यांकडे माग काढण्याची साधने व इच्छा आहे का, भाडेकरूच्या पोलीस पडताळणीतून ठावठिकाणा कळू शकतो का, पोलीस नातेवाइकांकडे चौकशीला आले होते का, हे प्रश्न निर्णायक ठरतात. सुरक्षित राहण्यासाठी घरच्यांपासूनही पत्ता लपवावा लागत असेल, तर तो पर्याय खरा नव्हे, असे फेडरल कोर्टाने काही निकालांत म्हटले आहे. निर्णय देणाऱ्याने असा पुरावा समोर असूनही विचारात घेतला नसेल, तर पुनर्विलोकनात भक्कम मुद्दा मिळतो; पुरावा दिलाच नसेल, तर मुद्दाच उरत नाही.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की प्रतिज्ञापत्रे पहिल्या सुनावणीपूर्वीच करावीत. प्रत्येक साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, तारीख व ठिकाण यांसह, स्वतःच्या शब्दांत सांगावे. सरपंच, शेजारी आणि मामा या तिघांच्या पत्रांत तेच वाक्य आले, तर तिन्ही पत्रांवरचा विश्वास उडतो. ठरावीक मजकुरावर सही घेण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही. एफआयआर किंवा न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती आणाव्यात; मराठी, हिंदी, पंजाबी मजकुराचे इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर भाषांतरकाराच्या घोषणापत्रासह जोडावे लागते.

नकाराचे पत्र आधीच आले असेल, तर निर्णयाची संपूर्ण प्रत, तो कधी मिळाला हे दाखवणारा ई-मेल किंवा पाकीट आणि आधी दाखल केलेल्या कागदांची यादी घेऊन त्याच दिवशी भेटावे.