गावांनी लिहायचा कोकण: लोकसहभागी पर्यटन-संकेतस्थळाची पार्श्वभूमी

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून गाड्या धावू लागल्या आणि त्याच्या आदल्याच वर्षी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. तोवर पूर्वी बोटीने आणि पुढे एसटीने येणारा बहुतेक प्रवासी चाकरमानीच असे, त्याला वाट विचारावी लागत नसे. नव्या पाहुण्यासाठी छापलेली माहिती मात्र गणपतीपुळे, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला अशा मोजक्या ठिकाणांभोवतीच घुटमळत राहिली.

प्रवासाची माहिती लोकांनीच लिहावी, ही कल्पना पुढच्या काही वर्षांत रुजली. २००३ मध्ये सुरू झालेल्या विकिट्रॅव्हल या प्रवासमाहितीच्या संकेतस्थळावर कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे आणि मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही तो पुन्हा वापरता येईल असा, राहावा, असा नियम होता. २००६ मध्ये एका कंपनीने ते विकत घेतल्यावर नाराज जर्मन लेखकांनी तोच मजकूर घेऊन विकिव्हॉयेज उभे केले, पुढे इंग्रजी लेखकही तिकडे वळले, आणि जानेवारी २०१३ मध्ये ते विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचा अधिकृत प्रकल्प झाले. परवाना मुक्त नसता, तर त्यांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले असते. प्रवाशांना अनोळखी यजमानांच्या घरी मोफत मुक्काम मिळवून देणाऱ्या काउचसर्फिंग या संकेतस्थळाच्या सभासदांना असा आधार नव्हता. २०११ मध्ये ती नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि २०२० मध्ये शुल्क लागू झाल्यावर अनेकांना पैसे भरल्याशिवाय स्वतःचेच पान उघडता येईना.

कोकणात स्थानिकांच्या माहितीचे मोल कातळशिल्पांनी, म्हणजे खडकाच्या पृष्ठभागावर कोरलेल्या प्राचीन चित्रांनी, दाखवून दिले. कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, भलामोठा हत्ती, बारसू आणि उक्षीची शिल्पे गुराख्यांच्या, शेतकऱ्यांच्या पायाखालची होती. अभ्यासकांनी गावोगाव विचारपूस केली, तेव्हा ती नकाशावर आली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत पोचली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांच्या संवर्धनातून घरगुती मुक्कामाची सोय उभी राहिली, तीही गावकऱ्यांच्याच हातून.

म्हणून कोकणातल्या गावांनीच आपली माहिती लिहायचे संकेतस्थळ हवे, आणि ते साधे असणे मला अत्यावश्यक वाटते. खाडीकाठच्या वाड्यांत मोबाइलची रेंज जेमतेम असते. तिथे मजकूर आणि एखादे लहान छायाचित्र एवढेच पान चटकन उघडते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची फेरी कधी सुटते, पावसाळ्यात मालवणहून किल्ल्याकडे होड्या जात नाहीत, गावात जेवण आधी सांगावे लागते का, या गोष्टी तिथल्या माणसाला ठाऊक असतात आणि बदलल्या की त्यालाच पहिल्यांदा कळतात. दुरुस्तीचा अधिकार त्याच्याकडेच हवा. मजकुरावर मुक्त परवाना पहिल्या दिवसापासून हवा, कारण शेकडो जणांनी लिहिल्यानंतर तो लावायचा, तर प्रत्येकाची संमती मिळवणे जवळपास अशक्य होते. आणि ज्या सड्यावर अजून कुंपण नाही, पहारा नाही, तिथल्या शिल्पाची नेमकी जागा जाहीर करायची की नाही, हे त्या गावाला विचारूनच ठरावे.