माइकपुढे फैजपूर

रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरलो की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पाचोरा, भडगाव, भुसावळ, फैजपूर." व्याख्यान कशावरही असो. खान्देशातली ही गावं माइकची परीक्षा घ्यायलाच वसवली असावीत, असं मला कधीकधी वाटतं.

प किंवा भ म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा दाबली जाते आणि ओठ उघडताच झोत बाहेर पडतो. भ तर महाप्राण, त्याचा झोत आणखी जोरकस. तोंडापुढे तळहात धरून आधी "फळ" म्हणा, मग "मळ" म्हणा. फरक हातालाच कळतो. समोर बसलेल्या माणसापर्यंत हा झोत पोचत नाही, वीतदोन वीत गेला की विरतो. पण माइक चार बोटांवर असला तर त्याच्या आतला पातळ पडदा झोताने ढकलला जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये "धप्प" उमटतं. जाळीचा पॉप फिल्टर लावतात तो यासाठीच. तो नसला तर माइक तोंडासमोरून थोडा बाजूला, हनुवटीच्या कडेला सरकवायचा. आवाज चहूकडे पसरतो, झोत मात्र नाकासमोर जातो.

हे मला माझ्या पहिल्या व्हिडिओने शिकवलं. विषय होता भास्कराचार्य. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे, तिथून सुरुवात केली होती. भास्कराचार्यांचं नाव येईल तिथे धप्प. अर्ध्या तासात किती वेळा, ते मोजायची हिंमत झाली नाही.

स्वयंसेवा स्टुडिओत हे सांगायला कुणी नसतं. ऑपरेटर नाही, कॅमेरामन नाही. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, दिवे लागतात, कॅमेरा सुरू होतो. पुन्हा दाबा, फाइल तयार. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने 'वन बटन स्टुडिओ' या नावाने ही पद्धत रूढ केली. सोय मोठी आहे, पण "सर, आवाज घुमतोय" म्हणणारा माणूस गेला, म्हणजे ते काम आता आपलं.

घुमण्याची गंमत अशी की खोलीत असताना ते जाणवतच नाही. भिंतीवरून काही सहस्रांश सेकंदांनी परतलेला आवाज मेंदू मूळ आवाजातच मिसळून टाकतो. शिवाय दोन कानांमुळे कोणता आवाज कुठून आला हे त्याला कळतं, त्यामुळे नको तो बाजूला सारता येतो. एका माइकला ही निवड जमत नाही. त्याने टिपलेलं सगळं मग एकाच स्पीकरमधून येतं आणि वक्ता विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका नव्या सभागृहात शब्द उच्चारल्यावर सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, सभागृहात मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढत गेल्या तसा तो वेळ कमी होत गेला.

आपल्याकडे तर कापूसच पिकतो. तंतूंच्या फटींतून हवेचे कण पुढेमागे होताना घासतात आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जिरते. म्हणून जुनी जाड गोधडी हे उत्तम साधन आहे. पण ती भिंतीला चिकटवून टांगू नका. अगदी भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, मग घर्षण कुठून होणार? वीतभर पुढे टांगली की तीच गोधडी जास्त काम करते. खर्जाच्या, खालच्या स्वरांसाठी मात्र ती अपुरी पडते. 100 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिच्यापुढे वीतभर अंतर फारच कमी.

गोधडी नसेल तर माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो.

कूलरचं काय, हा मे महिन्यातला खरा प्रश्न. सततची घरघर मेंदू दहा मिनिटांत विसरतो, माइक विसरत नाही. मी सरळ पहाटे सहाची वेळ घेतो.

प्रकाशाबद्दल थोडंच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याचा शटर 1/60 सेकंदावर असला तर चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. 1/50 वर ते थांबतात. टेलिप्रॉम्प्टर मी वापरत नाही. काचेवरचं वाचायला लागलो की माझं मराठी सरकारी परिपत्रकासारखं होतं. कागदावर पाच मुद्दे पुरतात.

शेवटी स्वतःचा आवाज ऐकायचा, तो सगळ्यात अवघड भाग. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडं खर्जाचे स्वर जास्त पोचवतात. रेकॉर्डिंगमध्ये ती भर नसते, म्हणून आवाज किनरा लागतो. मी माइक खराब असल्याची तक्रार घेऊन घरी आलो आणि आईला व्हिडिओ ऐकवला. ती गहू निवडत होती. मान वर न करता अहिराणीत म्हणाली, "हाऊच तुना आवाज शे."