एक्स-रे वाचण्याची विद्या कशी घडली

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. वर्ष संपायच्या आत त्यांच्या पत्नीच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी फोटोच्या काचेवर उमटली होती. १८९६ उजाडताच डॉक्टर मोडलेली हाडं आणि शरीरात रुतलेल्या सुया शोधू लागले. चित्र काढणं असं झटपट जमलं, पण ते वाचायला शिकण्यात पुढची अनेक दशकं गेली.

हाडांच्या बाबतीत किमान काय शोधायचं ते ठाऊक होतं. मनगटाजवळच्या नेहमीच्या फ्रॅक्चरचं वर्णन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्येच, एक्स-रे नसताना, करून ठेवलं होतं. छातीचं तसं नव्हतं. बोस्टनचे डॉक्टर फ्रान्सिस विल्यम्स क्ष-किरण पडताच चमकणाऱ्या पडद्यावर फुफ्फुसं आणि हृदय हलताना पाहायचे आणि ते स्टेथोस्कोपने ऐकलेल्याशी ताडून बघायचे. क्ष-किरणांच्या वैद्यकीय वापरावरचा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये आला. मग १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी त्याच पडद्याचा छोट्या फिल्मवर फोटो घेण्याची स्वस्त पद्धत काढली आणि क्षयरोगासाठी माणसं रांगेने तपासता येऊ लागली.

फिल्मचे ढीग साचले, तेव्हा खरा प्रश्न पुढे आला: वाचणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा? १९४० च्या दशकात अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ येरुशाल्मी, एक्स-रे तज्ज्ञ गारलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तज्ज्ञांनाच तपासलं. क्षयाच्या खुणा असलेल्या फिल्मपैकी जवळपास एक-तृतीयांश अनुभवी नजरेतूनही निसटत होत्या. तीच फिल्म पुन्हा दिली, तर तोच डॉक्टर कधीकधी वेगळं मत द्यायचा. माझ्या मते या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. एकच फिल्म दोघांनी स्वतंत्रपणे वाचण्यामागचा आधार इथे सापडतो.

सावल्यांची भाषाही याच सुमारास उलगडली. सारख्या घनतेच्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या की त्यांच्यामधली कड पुसली जाते, हे एक्स-रे तज्ज्ञ बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये मांडलं. हृदयाची उजवी कड हरवलेली दिसली, तर न्यूमोनिया उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात असण्याची शक्यता मोठी. सांध्यांतही असंच आडवाटेने वाचावं लागतं. कोपराच्या मागची चरबीची गादी एरवी बाजूने घेतलेल्या फिल्मवर दिसत नाही. मार लागून सांध्यात रक्त साचलं की ती बाहेर ढकलली जाते. मग हाडात रेघ दिसत नसली, तरी फ्रॅक्चर दडलेलं असू शकतं. ही खूण १९५४ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली.

पुढे प्रश्न उलटा झाला: एक्स-रे काढायचा तरी केव्हा? १९९२ मध्ये कॅनडातल्या इयान स्टील यांच्या गटाने मुरगळलेल्या घोट्यासाठी साधे निकष दिले. घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकाशी दाबल्यावर दुखतं का, आणि रुग्ण चार पावलं टाकू शकतो का, हे आधी पाहायचं.