डिंकाचे लाडू

डिंकाचे लाडू हा महाराष्ट्रातल्या घरांत थंडीच्या दिवसांत आणि बाळंतिणीसाठी केला जाणारा टिकाऊ, पौष्टिक गोड पदार्थ आहे. तुपात फुलवलेला डिंक, खारकेची पूड, सुके खोबरे, खसखस, गूळ आणि साजूक तूप हे त्याचे मुख्य घटक. बदाम, गोडंबी, वेलदोडे आणि जायफळ ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे पडतात. खवा किंवा मैदा यात नसतो. कणीक काही घरांत भाजून घालतात, काही घरांत ती चालत नाही.

बाभूळ किंवा धावडा यांच्या सालीला चीर पडली की तिथून पाझरणारा चीक वाळून डिंक होतो. रासायनिकदृष्ट्या तो गुंतागुंतीच्या शर्करांचा बनलेला विद्राव्य तंतू आहे. लहान आतड्यात तो पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा उपयोग करतात. गोंद कतिरा ही निराळी वस्तू: तो पाण्यात फुगतो, लाडवांच्या कामाचा नाही.

लाडवांचे यश डिंक तळण्यावर अवलंबून असते. खडे मोठे असतील तर फोडून हरभऱ्याएवढे करावे लागतात आणि आधी ऊन दाखवावे लागते. कढईत तूप मध्यम तापवून एका वेळी चमचाभरच डिंक सोडायचा. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन खडा काही क्षणांत दुपटीपेक्षा जास्त फुलतो, पांढरा होतो आणि झाऱ्यावर हलका वाजतो. तूप कडक तापलेले असेल तर बाहेरून रंग येतो आणि गाभा चिकट राहतो. असा कच्चा डिंक दाताला घट्ट चिकटतो आणि सगळ्या लाडवांची चव घालवतो. म्हणून पहिल्या घाण्यातला एखादा खडा बोटांनी चुरून बघावा. त्याचा कोरडा भुगा झाला पाहिजे. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने जाडसर चुरतात, पीठ करत नाहीत.

खारकेच्या बिया काढून, तुकडे कडक वाळवून पूड करतात. खोबरे किसून मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजतात आणि गरम असतानाच हाताने चुरतात. खसखस कोरडीच भाजायची. गुळाच्या बाबतीत दोन पद्धती आहेत. एकीत बारीक चिरलेला गूळ सारणात तसाच मळतात; लाडू मऊ होतात. दुसरीत थोड्या तुपावर गूळ वितळवून, एक उकळी येताच आच बंद करून सारण घालतात. पाक पुढे गेला तर दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागतो. लाडू वळायचे ते सारण हाताला सोसेल इतके गरम असतानाच. सारण निवून भुरभुरले की पुन्हा तूप ओतण्याची घाई होते. त्यापेक्षा कढई मिनिटभर मंद आचेवर ठेवणे चांगले.

पौष्टिकतेचा हिशेब एका साध्या प्रमाणावरून मांडता येतो. डिंक १००, खारीक २५०, खोबरे २५०, गूळ ४००, तूप २५० आणि खसखस ५० ग्रॅम घेतली, तर ४० ग्रॅमचे सुमारे ३२ लाडू होतात. एका लाडवात अंदाजे २०० कॅलरी आणि १२ ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत, ठेवण्याची शिफारस केली. या मोजणीत गूळ आणि मध साखरेसारखेच धरावे लागतात. ‘साखर नाही, गूळ आहे’ एवढ्याने लाडू मधुमेह्यासाठी मोकळा होत नाही, हे घरोघरी स्पष्ट सांगायला हवे. गुळात खनिजे साखरेपेक्षा जास्त असतात हे खरे, पण १२ ग्रॅममध्ये ती फार थोडी मिळतात.

डिंकाने हाडे भरतात, कंबर बळकट होते, असे मानतात. खसखशीत १०० ग्रॅममागे सुमारे १४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तरी वरच्या प्रमाणात एका लाडवाच्या वाट्याला खसखशीतून २० मिलिग्रॅमच्या आसपासच येते, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरली जाते. कॅल्शियमसाठीच लाडू करायचे असतील तर भाजलेले बिनपॉलिशचे तीळ किंवा नाचणीचे पीठ भरपूर घालणे अधिक उपयोगी. लाडवाचे खरे बळ एकवटलेली ऊर्जा, खारीक-खोबऱ्यातला तंतू आणि स्निग्धांश यांत आहे. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि बाळाच्या वेळापत्रकात तिला पानावर नीट बसायलाही सवड मिळत नाही. अशा वेळी एका हाताने खाता येणारा, आठवडे टिकणारा लाडू तिच्या नेमका उपयोगी पडतो. दिवसभर बैठे काम करणाऱ्याने मात्र तोच लाडू जेवणावर वरकड म्हणून खाऊ नये. न्याहारीचा भाग म्हणून, लहान वळून खावा.

गोड कमी करायचे तर गूळ निम्मा करून बिया काढलेला मऊ खजूर कुटून घालतात. खजुरातही साखर भरपूर असते, पण तिच्याबरोबर तंतू येतो. खजुरामुळे ओलावा वाढत असल्याने असे लाडू फ्रिजमध्ये ठेवावेत. मेथीची पूड तुपात काही दिवस मुरवून घातली तर कडवटपणा सौम्य होतो. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या फळातली बी. टरफलातल्या तेलाने कातडीला फोड येतात, म्हणून ती घरी फोडू नये, सोललेलीच आणावी. लहान मुलांच्या लाडवात बदाम अख्खे न ठेवता पूड करून घालतात, नाहीतर ते घशात अडकण्याचा धोका असतो.

लाडू पूर्ण निवल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की थंडीत तीन-चार आठवडे चांगले राहतात. ओला हात लागला तर बुरशी येते. उन्हाळ्यात खोबरे आणि बदाम लवकर खवट होतात. त्या दिवसांत थोडेच करावेत आणि खवट वास आलेला लाडू टाकून द्यावा.